थंडीत सकाळी गाडी ‘तापवावी’ लागतेय? आधी एवढं तपासा

आमचं गॅरेज निफाड तालुक्यात. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पेपरात छापून यायला लागला की सकाळी सात ते नऊ आमचा फोन थांबत नाही. तक्रारी मात्र ठरलेल्या. त्यातली तुमची कोणती, ते आधी ओळखा. पुढे काय तपासायचं ते त्यावरच ठरतं.

लक्षणं

१. सेल्फ मारला की इंजिन जड, रडतखडत फिरतं. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी नुसतं ‘टक’ वाजतं आणि डॅशबोर्डचे दिवे मंद होतात.

२. सेल्फ जोमात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. चार-पाचदा मारल्यावर एकदाचं पकडतं. नंतर दिवसभर काही त्रास नाही.

३. गाडी लगेच चालू होते, पण थरथरते, मिसिंग करते. गिअर टाकून क्लच सोडला की बंद. रेस धरून ठेवली तरच टिकते.

४. डिझेल गाडी एखादा सिलिंडर कमी असल्यासारखी खडखडते. सायलेन्सरमधून पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येतो. दोन-तीन मिनिटांत सगळं शांत.

५. चालू छान होते, पण टेंपरेचरचा काटा वर चढत नाही. किंवा गावात चढतो आणि हायवेला लागलं की परत खाली येतो. ॲव्हरेजही पडलेलं.

६. सीएनजीची गाडी सकाळी पेट्रोलवर कुरकुरते आणि एकदा गॅसवर गेली की झकास चालते.

या सहाही तक्रारींवर मालकांचा इलाज एकच असतो: रोज दहा-पंधरा मिनिटं गाडी उभ्या जागी चालू ठेवायची, ‘तापली’ की निघायचं. माझं म्हणणं एवढंच की इंजेक्शनच्या धडधाकट गाडीला महाराष्ट्रातल्या कुठल्याही थंडीत अर्धा मिनिट पुरतो, टर्बो डिझेलला मिनिटभर. तेवढ्यात ती निघायला तयार नसेल तर तिच्यात काहीतरी बिघडलेलं आहे, आणि रोजच्या तापवण्याने तो बिघाड फक्त झाकला जातो.

काही गोष्टी मात्र बिघाड नाहीत, त्यांच्यामागे लागू नका. पहिला एखादा मिनिट आरपीएम १२०० ते १५०० राहणं, मग हळूहळू ८०० च्या आसपास उतरणं हे बरोबर आहे. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, मुद्दाम तसं करतो. सायलेन्सरमधून वाफ निघणं आणि पाणी ठिबकणंही बरोबर, पेट्रोल जळताना पाणी तयार होतंच. पहिले दोन-चार गिअर जरा जड पडतात, कारण गिअर ऑइल गार असतं. सीएनजीची गाडी एक-दोन मिनिटं पेट्रोलवरच राहते, तेही ठीक. वाफेचा ढग गाडी पूर्ण गरम झाल्यावरही येत राहिला आणि कूलंट कमी होत असेल तर गोष्ट वेगळी. त्याबद्दल शेवटी.

मग तापवायची किती?

ही सवय कार्ब्युरेटरच्या काळातली. जुन्या मारुती ८०० ला चोक ओढायचा, इंजिन गुरगुरू द्यायचं आणि मग चोक आत ढकलायचा. गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही आणि कार्ब्युरेटरला हवामान कळत नाही, म्हणून तेव्हा तापवणं भागच होतं. २००० सालच्या आसपास आपल्याकडे इंजेक्शन सर्रास आलं. तेव्हापासून कूलंटचा सेन्सर ईसीयूला सांगतो की इंजिन किती गार आहे, आणि ईसीयू तेवढं पेट्रोल वाढवून देतो. चोकचं काम तो आपोआप करतो.

उभ्या जागी गाडी तापवण्याने तोटाच जास्त. आयडलवर इंजिनावर जोर नसतो, त्यामुळे ते फार हळू तापतं, आणि तेवढा वेळ जास्तीचं पेट्रोल आत जात राहतं. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरची ऑइलची पातळ फिल्म धुतं, रिंगांवरून खाली उतरतं आणि ऑइलमध्ये मिसळतं. डिपस्टिक काढून हुंगून बघा; रोज तापवणाऱ्याच्या गाडीच्या ऑइलला पेट्रोलचा वास येतो. डिझेल तर आयडलवर जवळजवळ तापतच नाही. बीएस-६ डिझेल असेल तर काजळी डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीत, साठते आणि चार महिन्यांनी डीपीएफचा दिवा लागला म्हणून तीच गाडी परत येते. इंधनाचं म्हणाल तर छोट्या गाडीचं दहा मिनिटांत साधारण शंभर-दीडशे मिली जातं. शिवाय आयडलवर गिअरबॉक्स, बेअरिंग, टायर हे काहीच गरम होत नाही. ते चाक फिरल्यावरच होतं.

म्हणून पद्धत अशी ठेवा. गाडी चालू करायची, बेल्ट लावायचा, काच पुसायची, तेवढ्यात वीस-तीस सेकंद होतात, मग निघायचं. पहिले तीन-चार किलोमीटर आरपीएम दोन-अडीच हजारांच्या वर नेऊ नका आणि पेडल दाबून ओव्हरटेक करू नका. टर्बो डिझेलला मिनिटभर द्या. भरलेली पिकअप द्राक्षबागेतून निघून लगेच चढाला लागणार असेल तर दोन मिनिटं दिली तरी चालेल. जुनी कार्ब्युरेटरची गाडी अजून सांभाळून असाल तर तिचा नियम वेगळा, तिला तिचा वेळ द्या.

कॅनडा-अमेरिकेतले भाचे-पुतणे व्हॉट्सॲपवर जे सल्ले पाठवतात ते तिथल्या उणे वीस-पंचवीससाठी असतात. तिथे इंजिनाला विजेवरचा ब्लॉक हीटर लावतात. आपल्याकडे निफाडला पारा चार-पाचावर येतो, नागपूर-गोंदियाला कधी सात-आठवर. महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या कडेला दव गोठतं तेही पहाटेपुरतं. आणि मुंबई-गोव्यात कुणी ‘थंडीमुळे गाडी चालू होत नाही’ म्हणत असेल, तर थंडीला त्यातून वगळूनच शोध सुरू करा.

एक गोष्ट ठासून सांगतो. बंद शेडमध्ये, शटर खाली ओढून, किंवा बेसमेंटमध्ये गाडी तापवू नका. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडतो आणि जीव जातो.

फुकटातल्या तपासण्या

आधी सेल्फ मारण्याची पद्धत बघू. हेडलाइट, ब्लोअर, टेप, सगळं बंद. क्लच पूर्ण दाबलेला, म्हणजे सेल्फला गिअरबॉक्समधलं घट्ट ऑइल घुसळावं लागत नाही. चावी ऑन करून दोन-तीन सेकंद थांबा. मागच्या सीटखाली बारीक ‘ऊंऽऽ’ आवाज येऊन बंद होतो, तो पेट्रोल पंप. लाइनमध्ये प्रेशर भरतोय. घाईत चावी एका झटक्यात फिरवली की हे प्रेशर तयार व्हायच्या आतच सेल्फ फिरायला लागतो. डिझेलला वेटोळ्याचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबा. बटण स्टार्ट असेल तर क्लच न दाबता बटण दाबून आधी ‘ऑन’वर आणा (बहुतेक गाड्यांत दोनदा दाबावं लागतं), थांबा, मग क्लच दाबून चालू करा. दुसऱ्या लक्षणाच्या बऱ्याच गाड्या एवढ्यानेच सुधारतात. तशी सुधारली तर लक्षात ठेवा, की प्रेशर रात्रभरात उतरतंय. आज चालेल, पण पंपाचा व्हॉल्व्ह किंवा एखादा इंजेक्टर गळत असण्याची शक्यता आहे.

सेल्फ एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त धरू नका. मध्ये अर्धा मिनिट जाऊ द्या. सलग मारत राहिलं की बॅटरी उतरते, प्लग पेट्रोलने भिजतात आणि सेल्फची वाइंडिंग जळते. म्हणजे एका बिघाडाचे तीन होतात.

पेट्रोलचा काटा बघा. सीएनजीवाल्यांसाठी हे खास. गाडी सुरू पेट्रोलवर होते आणि कूलंट तीस-चाळीस अंशांच्या आसपास आलं की गॅसवर जाते, म्हणजे सकाळची पहिली दोन मिनिटं ती पेट्रोलचीच गाडी असते. टाकीत मात्र गेल्या दिवाळीला टाकलेलं दोन लिटर पेट्रोल. जुन्या पेट्रोलमधला हलका, लवकर पेटणारा भाग उडून जातो, आणि थंडीत गाडी चालू करायला नेमका तोच लागतो. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलची गारठ्यात वाफ कमी होते आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतं. शिवाय गाडीचा पेट्रोल पंप टाकीतल्या पेट्रोलनेच गार राहतो. कायम रिझर्व्हवर चालवलं तर पंपही जातो. सहाव्या लक्षणाला आमचा पहिला इलाज म्हणजे पाच-सहा लिटर ताजं पेट्रोल, आणि आठवड्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर पेट्रोलवर.

डिझेलवाल्यांना ‘डिझेल गोठलं’ असं कुणी सांगितलं तर लगेच मान डोलावू नका. त्यासाठी लडाखसारखी थंडी लागते. तिथल्यासाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये वेगळं हिवाळी डिझेल काढलं, जे उणे ३३ पर्यंत वाहतं. आपल्याकडची डिझेलची गाडी अडते ती हीटर प्लगला (चालू करताना सिलिंडर तापवणारा प्लग) किंवा फिल्टरमधल्या पाण्याला.

बॉनेट उघडलंच आहे तर उंदरांच्या खुणा बघून घ्या. थंडीत गरम इंजिनावर बसायला ते येतात आणि वायरी कुरतडतात. द्राक्षबागेच्या शेडमध्ये उभ्या गाडीला हा रोग हमखास. वायरीचं वरचं कव्हर चघळलेलं दिसलं तर पुढचं सगळं सोडा, आधी ते जोडून घ्या.

बॅटरी: निम्म्या गाड्या इथेच सुटतात

पहिल्या लक्षणाचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं, आणि गोंधळही इथेच सगळ्यात जास्त. गारठ्यात बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, ताकद कमी पडते. नेमकं तेव्हाच ऑइल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो. पण बॅटरी खराब झालेली असते उन्हाळ्यातच. एप्रिल-मेच्या बेचाळीस अंशांत, बॉनेटखाली, तिच्या प्लेटा खराब होतात, पाणी उडतं. उन्हाळ्यात ते कळत नाही, कारण तेव्हा इंजिन फिरवणं सोपं असतं. डिसेंबरात उघडं पडतं, आणि बोल मात्र थंडीला लागतो.

आधी टर्मिनल बघा. पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर दहा नंबरचा पाना घ्या, आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. लावताना उलट, निगेटिव्ह शेवटी. कारण साधं आहे: निगेटिव्ह जोडलेलं असताना पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते आणि पाना तिथेच चिकटून लाल होतो. भुकटीवर गरम पाणी ओता, जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करा, पॉलिश पेपरने आतली बाजू चकचकीत करा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलिन. टर्मिनल हाताने हललं तर ते सैल आहे, मग वरून कितीही चकचकीत दिसो.

मग मल्टिमीटर. चारचाकी वापरणाऱ्याच्या घरी तीन-चारशे रुपयांचा असावाच. सकाळी, गाडी चालू करण्याआधी, बॉनेट उघडून दहा मिनिटं थांबून रीडिंग घ्या. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. आता कुणालातरी सेल्फ मारायला सांगा आणि आकड्याकडे बघा. साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरीत दम नाही. गाडी चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ यायला हवा. साडेतेराच्या खाली राहिला तर अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट बघा. नवी बॅटरी टाकून उपयोग नाही, तीही उतरेल. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर ईसीयूच्या हुकमाने कमी-जास्त चार्ज करतो. तिथे आकडा फिरता दिसला म्हणून घाबरू नका.

झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर पाण्याची पातळी बघा आणि डिस्टिल्ड वॉटरच घाला. आरओचं पाणी चालत नाही, त्यातही क्षार असतात. ॲसिड तर अजिबात घालू नका. बॅटरी तीन-चार वर्षांची असेल आणि रात्रभर चार्ज करूनही सकाळी १२.४ च्या खाली येत असेल तर तिच्यावर आणखी खर्च करू नका.

यात एक जागा सगळे विसरतात, ती म्हणजे अर्थिंग. बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक पट्टी बॉडीला आणि एक इंजिन किंवा गिअरबॉक्सला गेलेली असते. सेल्फचा सगळा करंट तिच्यातून परततो. मागच्या हंगामात एक बागायतदार पिकअप घेऊन आले. द्राक्षं गारठ्यातून वाचवायला पहाटे चारला बागेत शेकोट्या पेटवायला आणि पाणी सोडायला निघायचं, तर गाडी ‘टक’ करून गप्प. म्हणाले, “भाऊ, दोन महिन्यांत ही दुसरी नवी बॅटरी. आता बॅटरीवाला पण फोन उचलत नाही.” बॅटरी खरोखर चांगली होती. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हच्या खुंटीवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर ठेवली आणि त्यांना म्हटलं, “आप्पा, मारा सेल्फ.” मीटरवर दीड व्होल्ट. तिथे शून्याच्या आसपास, फार तर पाव व्होल्ट यायला हवा होता. गाडीखाली सरकून बघितलं तर गिअरबॉक्सवरच्या बोल्टपाशी पट्टीचे तांब्याचे तार हिरवे पडून भुगा झालेले, जेमतेम चार-सहा तारा शिल्लक. बागेतल्या फवारणीच्या पाण्यात आणि चिखलात रोज भिजणारी जागा ती. नवी पट्टी काही शे रुपयांची. दोन बॅटऱ्यांचा खर्च त्याआधी होऊन गेला होता. म्हणून बॅटरी बदलण्याआधी ही पाव मिनिटाची तपासणी करा किंवा करून घ्या.

जंप स्टार्ट करायचं झालं तर क्रम असा: लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी आधी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि तिचं दुसरं टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिनाच्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून लांब. धक्का मारून चालू करणं शेवटचा उपाय. ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने होत नाही, आणि पेट्रोल गाडीला वारंवार धक्का मारला की न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होतो.

थोडा खर्च, थोडे हात काळे

एअर फिल्टर काढून उजेडाकडे धरा. उजेड दिसत नसेल तर बदला.

दुसऱ्या-तिसऱ्या लक्षणाला प्लग काढून बघा. साधे प्लग तीस हजार किलोमीटरच्या आसपास बदलावेत, इरिडियमचे बरेच जास्त चालतात. सीएनजी गाडीत लवकर, कारण गॅस पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं आणि झिजलेल्या प्लगचा गॅप ते आणखी वाढवतो. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. काळं, कोरडं, काजळी धरलेलं असेल तर इंजिन पूर्ण तापतच नाहीये किंवा पेट्रोल जास्त जातंय. रोज उभ्या जागी तापवणाऱ्यांचे प्लग असेच निघतात, म्हणजे इलाजच रोग वाढवतो. प्लग गार इंजिनावर काढा, आधी हाताने सैल होतोय का बघा. अडला तर जोर लावू नका; ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे निघाले तर काम दहापट महाग होतं.

थ्रॉटल बॉडीत, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेत, कार्बन साचला की गार असताना आयडल टिकत नाही. पाइप काढून बघा, पाकळीच्या कडेला काळा थर दिसेल. क्लीनर फडक्यावर मारून पुसता येतं. मात्र पेडलला केबल नसलेली, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची गाडी असेल तर पाकळी बोटाने ढकलू नका. साफ केल्यावर स्कॅनरने आयडल पुन्हा शिकवावं लागतं, तेव्हा ते काम गॅरेजलाच द्या.

ऑइल. मॅन्युअलमध्ये ५ डब्ल्यू ३० किंवा ० डब्ल्यू २० लिहिलंय आणि ‘गाडी जुनी झाली, जाड ऑइल टाका’ म्हणून २० डब्ल्यू ५० भरलंय, हे दर थंडीत बघतो. डब्ल्यूच्या आधीचा आकडा गारठ्यातला. तो जितका लहान तितकं ऑइल थंडीत पातळ. निफाडच्या थंडीत २० डब्ल्यू काही गोठत नाही, पण सेल्फ जड होतो आणि वरच्या कॅमपर्यंत ऑइल पोचायला जास्त वेळ लागतो. आधीच कमजोर बॅटरी असेल तर एवढा फरक पुरे होतो. पुढच्या सर्व्हिसला मॅन्युअलमधला ग्रेड टाका.

चौथ्या लक्षणाला हीटर प्लग. चारपैकी एक-दोन गेले की नेमकी तीच चिन्हं दिसतात: पांढरा धूर, खडखड, मग शांत. पांढरा धूर म्हणजे पेट न घेतलेलं डिझेल. प्लगची वायर काढून मीटरने टोक ते इंजिन असा ओहम बघा. चांगला प्लग एक-दोन ओहमच्या आत दाखवतो. मीटरने काहीच दाखवलं नाही तर प्लग गेला. चारही चांगले असतील तर रिले आणि फ्यूज. इथपर्यंत घरी करा. प्लग बाहेर काढायचं काम मात्र घरी नको. वर्षानुवर्षं कार्बनमध्ये रुतलेला प्लग हेडमध्ये तुटतो आणि मग हेड उतरवावं लागतं. इंजिन गरम करून, आट्यांत ऑइल मुरवून, हलक्या हाताने काढायचं काम आहे, ते त्याच्या फिटरला करू द्या. डिझेल फिल्टरखालचा ड्रेन असेल तर फिल्टरमधलं पाणी मात्र तुम्ही काढू शकता.

थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून टाकलाय का?

पाचवं लक्षण घेऊन येणाऱ्याला मी पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि निम्मे लोक बुचकळ्यात पडतात. मे महिन्यात गाडी गरम होत होती. कुणीतरी सांगितलं, ‘थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून टाका, आपल्या हवेत त्याची गरज नाही.’ व्हॉल्व्ह काढला, काटा खाली आला, मालक खूश. सहा महिन्यांनी थंडी आली, गाडी तापेना. व्हॉल्व्ह काढल्याचं तोपर्यंत कुणाच्या लक्षात नाही.

व्हॉल्व्हचं काम असं. इंजिन गार असताना तो बंद राहतो, कूलंट रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरतं आणि लवकर तापतं. ८२ ते ८८ अंशांच्या आसपास तो उघडतो. तो नसेल किंवा उघडा अडकला असेल तर पहिल्या मिनिटापासून सगळं कूलंट रेडिएटरमध्ये जाऊन थंड होत राहतं. हायवेला वारा जास्त लागतो म्हणून काटा आणखी खाली येतो. ईसीयूला वाटतं इंजिन अजून गारच आहे, तो जास्तीचं पेट्रोल सोडत राहतो. ॲव्हरेज पडतं, प्लग काळे होतात, ऑइल खराब होतं, केबिनचा हीटर कोमट राहतो. मालक म्हणतो, थंडी फार आहे. दहाऐवजी वीस मिनिटं तापवतो.

याची तपासणी फुकट आहे. रात्रभर उभी गाडी चालू करा आणि इंजिनातून रेडिएटरच्या वरच्या बाजूला जाणारा जाड रबरी पाइप हाताने धरा. पंखा आणि बेल्टपासून हात आणि बाह्या दूर ठेवा. व्हॉल्व्ह चांगला असेल तर पाइप कितीतरी मिनिटं गार राहतो आणि मग थोड्या वेळात चटका बसण्याइतका तापतो. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला तर व्हॉल्व्ह उघडा आहे किंवा जागेवर नाही. काही गाड्यांत व्हॉल्व्ह खालच्या पाइपच्या बाजूला असतो, तिथे हीच परीक्षा खालच्या पाइपवर करा.

आणि बदलताना मे महिन्यातलं खरं कारणही शोधा: चोंदलेला रेडिएटर, बंद पंखा, की वर्षानुवर्षं बोअरचं साधं पाणी. त्या पाण्याच्या क्षारांनीच व्हॉल्व्ह अडकतो. व्हॉल्व्ह नवा टाका, कूलंट भरा. रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीच उघडू नका.

गाडीच्या ईसीयूमधली माहिती मोबाइलवर दाखवणारा छोटा ओबीडी स्कॅनर असेल तर आणखी एक छान तपासणी होते. पहाटे, चालू करण्याआधी, चावी ऑन करून कूलंटचं तापमान बघा. ते बाहेरच्या हवेइतकं यायला हवं. बाहेर सात अंश आणि स्कॅनर चाळीस म्हणतोय, तर सेन्सर ईसीयूला थाप मारतोय. इंजिन गरम समजून तो पेट्रोल वाढवतच नाही, म्हणून गाडी पकडत नाही. उणे चाळीस दाखवत असेल तर सेन्सरची वायर तुटली किंवा सॉकेट सुटलाय. पी०१२८ हा बिघाडाचा कोड आला तर पुन्हा व्हॉल्व्हकडेच या.

इथे थांबा, फिटरला बोलवा

चालू केल्यावर ऑइलचा लाल दिवा तीन-चार सेकंदांत विझला नाही तर इंजिन बंद करा आणि परत चालू करून बघू नका. गाडी टो करा.

कॉमन रेल डिझेलच्या, म्हणजे आताच्या बहुतेक डिझेल गाड्यांच्या, लोखंडी पाइपांचे नट सैल करून ‘हवा काढायची’ जुनी युक्ती वापरू नका. तिथे हजार-दीड हजार बारच्या वर प्रेशर असतं, बारीक फवारा कातडी भेदून आत जातो. ते पंप-नोझलवाल्याचं काम.

सीएनजीचा वास येत असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, गाडी उघड्यावर ढकला, सेल्फ मारू नका. दोनशे बारच्या लाइनला अधिकृत किटवाल्याशिवाय कुणी हात लावू नये. हायब्रिड गाडीतल्या नारिंगी केबललाही तसंच.

कूलंट कमी होतंय, गरम झाल्यावरही पांढरी वाफ येते, ऑइलच्या झाकणाखाली दुधट थर आहे, असं सगळं एकत्र दिसलं तर हेड गॅस्केटचा संशय. नुसता झाकणाखालचा पिवळट थर, आणि गाडी रोज दोनच किलोमीटर चालते, तर तो थंडीतला ओलावाही असू शकतो. एकदा तासभर हायवेला चालवून पुन्हा बघा.

चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत असेल तर गाडी चोरीपासून वाचवणाऱ्या इमोबिलायझरने अडवलंय, बॅटरी-प्लगमध्ये वेळ घालवू नका. आणि वरचं सगळं करूनही दुसरं-तिसरं लक्षण राहिलं तर उरतं ते पेट्रोल प्रेशर, इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन. त्याला गेज लागतात. अंदाजाने एकेक पार्ट बदलत बसण्यापेक्षा तपासणीचे पैसे देणं स्वस्त पडतं.

गॅरेजला नेताना मात्र एक करा. सकाळी कशीबशी चालू करून अकरा वाजता गरम गाडी घेऊन येऊ नका. तेव्हा ती शहाण्यासारखी चालते आणि आम्हाला काहीच सापडत नाही. आदल्या संध्याकाळी आणून सोडा, रात्रभर उघड्यावर उभी राहू द्या, आणि सकाळी फिटर मीटर घेऊन येईपर्यंत कुणीही सेल्फ मारायचा नाही, असं वॉचमनला सांगून जा.